खारं लागलं की मागे फिरायचं

काशीत रामघाटाच्या गल्लीत सायकल चालवता येत नाही. हे मला सायकल घेण्याआधी कळायला हवं होतं, कारण मी जन्मलो त्याच गल्लीत. दर पाच पावलांवर पायरी, दर दहा पावलांवर बैल, आणि जिथे बैल नाही तिथे त्यानं मागे ठेवलेली आठवण. बदली होऊन विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या खानसाम्याकडून मी ती सायकल घेतली, तेव्हा मी बिनलग्नाचा, बिनअकलेचा आणि नुकताच कायम झालेला शाळामास्तर होतो. रोज सकाळी ती खांद्यावर घेऊन निघायचं, चौकापर्यंत वाहून न्यायची आणि तिथून पुढे शाळेपर्यंत तिच्यावर बसून ऐटीत जायचं, असा माझा क्रम होता. कोपऱ्यावरचा पानवाला न चुकता विचारी, "क्यों मास्टर साहब, आज फिर साइकिल आप पर सवार है?"

शाळेत मी भूगोल शिकवत असे. समुद्र, भरती, ओहोटी, आखात, भूशिर हे सगळं निळ्या खडूनं फळ्यावर काढत असे. समुद्र मी पाहिलेला नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांनीही पाहिलेला नव्हता, त्यामुळे आठ वर्षं आमचं छान चाललं होतं.

सायकलीबरोबर खानसाम्यानं जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा फुकट दिला आणि तिथेच घात झाला. त्यात कुणा साहेबानं सायकलवरून विलायतेच्या किनाऱ्यानं केलेल्या सहलीचं वर्णन होतं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला हिरवी शेतं, दर चार मैलांवर चहा. मी ते सात वेळा वाचलं. मग शाळेचा ॲटलस उघडून अलिबागपासून गुहागरच्या खालपर्यंत कोकणच्या किनाऱ्याला चिकटून एक तांबडी रेघ मारली. ॲटलसमधला किनारा अगदी गुळगुळीत होता, कुठे खाच नाही, खोबण नाही. मे महिन्याची सुट्टी पडली की या रेघेवरून जायचं, असं मी ठरवून टाकलं. साहेबांसारखी एक सोला टोपीही पैदा केली.

घरात याचं कौतुक फक्त आत्याला वाटलं. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. तिचं माहेर गुहागरच्या खाली, अगदी समुद्राकाठच्या गावात. अकराव्या वर्षी तिला काशीला सासरी पोचवलं, तेव्हा पाठराखणीला म्हणून सात वर्षांचे माझे वडील बरोबर आले, ते इथल्या वेदपाठशाळेत अडकले आणि परत गेलेच नाहीत. सोळाव्या वर्षी आत्या विधवा झाली. सासरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या हातावर पाणी घालून तिच्याकडून क्षेत्रसंन्यास घेववला. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. सोळा वर्षांच्या मुलीला मोक्षाची एवढी कसली घाई, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि नंतर विचारायला ते लोक उरले नाहीत. आता ती साठी उलटून गेलेली, वडिलांच्या आधारानं आमच्याकडे राहत होती. त्या वर्षी तिच्या पायांना सूज चढली होती. वैद्यांनी तिचं मीठ बंद केलं होतं आणि जिन्यात मला गाठून, दिवाळी दिसणं कठीण आहे, असं हळूच सांगितलं होतं.

"तू तुझ्या चाकांवरून फिर कुठेही," आत्या मला म्हणाली. "पण माझ्या गावी जा. तिथल्या देवावर हा गंगेचा गडू घाल, आणि रिकाम्या गडूत माझ्यासाठी समुद्र भरून आण."

"समुद्राचं काय करणार तू?"

"पाय बुडवीन."

"आत्या, वैद्यांनी मीठ बंद केलंय."

"तोंडाला केलंय. पायांना कुठे केलंय?" मग तिनं आपल्या सुजलेल्या पावलांवरून हात फिरवला. "मला गावातलं एक तोंड नीट आठवत नाही रे. आईचंसुद्धा नाही. पण लाट परत जाताना तळपायाखालची वाळू काढून नेते ना, ते या पायांना अजून आठवतं. एकदा बघायचंय, खरंच तसं होतं की मी मनानंच रचलंय."

आठ वर्षं भरती-ओहोटी शिकवूनही लाट पायाखालून काही काढून नेते, हे मला माहीत नव्हतं. मी गडू घेतला. तो तांब्याचा, तोंड कथलाच्या डाखानं बंद केलेला, अस्सल काशीचा गडू. असे गडू कोकणातली माणसं काशीहून नेऊन आयुष्यभर देवघरात ठेवतात, शेवटच्या घोटासाठी. आमच्या आत्याला गंगेचा घोट रोज मिळत होता. तिला हवं होतं ते खारं पाणी.

आता राहिले वडील. ते दशग्रंथी वैदिक, माझ्या सायकलीला ते 'ते यंत्र' म्हणत. समुद्र ओलांडणं शास्त्राला मान्य नाही, हे त्यांनी मला लगेच ऐकवलं.

"अण्णा, मी ओलांडत नाहीये. काठाकाठानं जाणार आहे," मी म्हणालो.

"आणि खाड्या?" वडील म्हणाले. सातव्या वर्षापर्यंतचं कोकण त्यांच्या डोक्यात ॲटलसपेक्षा चांगलं होतं.

खाडी हा समुद्र की नदी, यावर आमच्या माडीवर तीन दुपारी चर्चा झाली. भोसले घाटाकडून एक शास्त्री आले, मंगला गौरीजवळचे एक आले. पहिले म्हणाले, खाडीचं पाणी डोंगरातून येतं, म्हणून ती नदी. दुसरे म्हणाले, तिच्यात भरती चढते, म्हणून तो समुद्र. सायकलीची बसायची जागा चामड्याची असते, हाही मुद्दा निघाला. लोकरीला विटाळ नसतो, तेव्हा तिला लोकरीची खोळ घालावी असं ठरलं. मे महिन्यात लोकरीवर बसून शेकडो मैल जायचं म्हणजे काय, हे त्या तिघांपैकी कुणालाच कळायचं कारण नव्हतं. तिसऱ्या दुपारी वडिलांनी निर्णय दिला. "पाणी चाखावं. खारं लागलं तर तो समुद्र, मागे फिरावं. गोड लागलं तर नदी, खुशाल ओलांडावी." सगळ्यांनी माना डोलावल्या. निर्णय सोपा होता, शास्त्राला धरून होता आणि तिथल्या कुणालाही पाळायचा नव्हता. मी मात्र गंगेत उभा राहून तसं वचन दिलं. सोला टोपी घालून फिरणारा मी मोठा सुधारक, पण वडिलांपुढे माझी ततपप होत असे, ती अशी.

रेल्वेनं खोपोलीपर्यंत गेलो आणि तिथून सायकलवर टांग मारली. तिसऱ्या दिवशी अलिबागला पहिल्यांदा समुद्र पाहिला. पाहिला आणि मला माझ्याच फळ्याची लाज वाटली. एवढं मोठं प्रकरण मी तीन फुटांत बसवत होतो. थोडा वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिलो, मग मासिकातल्या साहेबासारखा ऐटीत दक्षिणेला निघालो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या, वर गार सावली. दीड तास माझ्यासारखा सुखी माणूस हिंदुस्थानात नव्हता.

मग रेवदंड्याची खाडी आली.

"चला भटजी, पलीकडं सोडतो," तरीवाला म्हणाला. टोपीखालची शेंडी त्याला कशी दिसली कोण जाणे. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर. तिथे माझी तांबडी रेघ पुढे चालू झालेली मला डोळ्यांनी दिसत होती. मी सायकल टेकवली, वाकलो, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो.

"खारं आहे," मी म्हणालो.

"मग काय साखर घालायची होती?" तरीवाला म्हणाला.

मी वळलो. खाडीच्या कडेकडेनं वर रोह्याकडे निघालो, दर मैल-दोन मैलांवर उतरून पाणी चाखत. खारं. खारं. मचूळ. 'मचूळ' म्हणजे काय याचा निर्णय वडिलांनी दिला नव्हता, म्हणून आणखी दोन मैल. रोह्याच्या वर एकदाचं गोड लागलं, तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून पार झालो. सायकल खांद्यावर वाहायची सवय रामघाटानं लावली होती, ती अशी कामी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या काठानं खाली उतरलो, तर तोच तरीवाला त्या बाजूला विडी ओढत बसलेला.

"आलात का?" तो म्हणाला. "आता इकडचं पण चाखून घ्या. एखाद्या वेळेस इकडं गोड असायचं."

राग गिळून मी सायकलवर टांग मारली. पुढे राजपुरीची खाडी, मग बाणकोटची, मग दाभोळची. बाणकोटच्या खाडीनं मला पार महाडापर्यंत वर नेलं, दाभोळच्या खाडीनं चिपळूणच्या पलीकडे. माझी किनाऱ्याची सहल म्हणजे एक दिवस किनारा आणि तीन दिवस खाडीची वरात, असा हिशेब पडू लागला. साहेबाला विलायतेत दर चार मैलांवर चहा मिळत होता. मला दर चार मैलांवर मिठाचं पाणी.

पण खोटं कशाला बोलू, त्या निर्णयामुळेच मी कोकण पाहिलं. खाडीच्या काठचे ते लाल रस्ते कुठल्या साहेबानं पाहिले असतील असं वाटत नाही. जांभ्याचा धुरळा इतका, की चार दिवसांत माझं धोतर आणि बैलगाड्यांची चाकं एका रंगाची झाली. सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, उन्हानं डोळे दिपायचे, आणि उतार लागून ब्रेक दाबत खाली आलं की एकदम गारवा, आंब्याच्या राया, फणसाचा वास, पेरणीआधी भाजून काळी पडलेली भाताची खाचरं. अंगणाअंगणात बायका उन्हात कोकमं वाळत घालत होत्या. एका म्हाताऱ्या बाईनं मला ओसरीवर बसवून मऊ भात आणि आमसुलाचं सार वाढलं. मी कुठला म्हणून विचारलं. काशीचा म्हटल्यावर तिनं माझ्या बोलण्याकडे जरा कान दिला आणि म्हणाली, "म्हणजे भय्ये तुम्ही." जन्मभर काशीत लोक मला 'दक्षिणी' म्हणत आले होते. आपल्या मूळ देशात येऊन भय्या झालो. दुसरं काय, न घर का न घाट का.

मात्र पिशवीतून गडू बाहेर काढला की सगळं बदले. गंगा आहे म्हणताच माणसं वहाणा काढत, गडूला कपाळ लावत. गडूवाल्या माणसानं पाणी चाखलं तर त्यातही काही व्रत असणार, असं त्यांनी परस्पर ठरवलं. माझी कीर्ती माझ्यापुढे धावू लागली. चिपळूणच्या अलीकडे तर एक गृहस्थ विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन रस्त्यावर माझी वाट बघत उभे होते. भावकीत विहिरीवरून वाद होता आणि पाणी गोड आहे असं काशीच्या माणसाच्या तोंडून त्यांना हवं होतं. मी चाखलं आणि गोड आहे म्हणालो. पुढच्या वळणावर त्यांचा चुलतभाऊ तांब्या घेऊन उभा होता.

या सगळ्यात एक गोष्ट मी विसरलो होतो. ते मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष होतं. जागोजाग लोक समुद्राचं पाणी उकळून मीठ करत होते आणि तुरुंगात जात होते. वर्तमानपत्र मीही वाचत होतो, पण त्याचा आणि माझ्या सहलीचा काही संबंध असेल असं मनात आलं नाही. सरकारच्या मनात आलं होतं.

आत्याच्या गावी पोचलो तेव्हा सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते. देवळात गुरवानं डाख फोडला, देवावर गंगा घातली आणि उरलेलं थेंब थेंब गावात वाटलं. आत्याला ओळखणारं कुणी उरलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या आजोबांना एवढंच आठवत होतं, की एका मुलीला फार लांब दिली होती आणि तिच्याबरोबर तिचा भाऊही गेला होता. मी समुद्रावर गेलो. उंडीच्या झाडांखाली सायकल लावली, ती वाऱ्यानं लगेच वाळूत आडवी झाली. मी लाटेत उभा राहिलो. लाट आली, घोट्यापर्यंत चढली आणि परत जाताना माझ्या टाचांखालची वाळू तिनं खरोखर ओढून नेली. तोल गेल्यासारखं झालं. आत्यानं काही रचलेलं नव्हतं. मी तिथे उभ्यानं रडलो, हे आज सांगायला हरकत नाही. मग गडू भरला आणि तांबटाकडून तोंडाला पुन्हा डाख देऊन घेतला.

परतताना चिपळूणच्या बाजूला एका ठाण्यापुढे हवालदारानं माझी सायकल धरली. आत फौजदार बसले होते, जाडसर, सभ्य, घामेजलेले. त्यांच्यापुढे कागद होते, आणि ते कागद माझे होते. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ. कुठल्या काठावर किती वाजता वाकलो, किती वेळा थुंकलो, सगळं तारीखवार लिहिलेलं. माझ्या सहलीचा सर्वात अचूक नकाशा सरकारनं तयार केला होता.

"तुम्ही खाड्या चाखता?" फौजदारांनी विचारलं.

"हो."

"कशाला?"

"वडिलांची आज्ञा आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. "वडील सत्याग्रहात आहेत?"

"नाही, वेदपाठशाळेत."

"खारं लागलं की काय करता?"

"मागे फिरतो."

"आणि गोड लागलं की?"

"ओलांडतो."

फौजदारांनी टाक खाली ठेवला. "मास्तर, मला मोठा भाऊ समजा आणि खरं सांगा. हा कसला कट आहे?"

मी खरंच सांगत होतो. खऱ्याला इतकं निरुपयोगी झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर गडूवर गेली. यात काय, म्हणून त्यांनी विचारलं. समुद्र, म्हणून मी सांगितलं. मी नको नको म्हणत असताना हवालदारानं डाख फोडला, बोट बुडवून चाखलं आणि खारं असल्याची वर्दी दिली. नुसतं खारं म्हणून चालणार नव्हतं, त्यात मीठ आहे हे सिद्ध व्हायला हवं होतं. म्हणून ठाण्याच्या मागे चहाच्या चुलीवर एका पातेल्यात आत्याचा समुद्र ओतून उकळायला ठेवला. मी बाकावर बसून तो आटताना बघत होतो. तासाभरानं तळाशी अर्धी मूठ करडं-पांढरं मीठ उरलं.

"निघालं मीठ," फौजदार समाधानानं म्हणाले. "गुन्हा शाबीत झाला."

महिनाभर लोकरीवर बसून दाबून ठेवलेला माझा सगळा राग तेव्हा वर आला. "कुणावर?" मी म्हणालो. "मी पाणी आणलं होतं. मीठ तुम्ही केलंत, साहेब. चूल ठाण्याची, लाकडं सरकारी, फुंकर हवालदारांनी मारली. कायद्यात पाणी वाहून नेणाऱ्याला शिक्षा आहे की मीठ करणाऱ्याला?"

हवालदार चुलीपासून दोन पावलं मागे सरला. फौजदारांनी पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. मला आधी फार मजा वाटली. मग रिकामा गडू दिसला. मी त्यांना आत्याचं सगळं सांगून टाकलं. वैद्य जिन्यात काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टाक उचलला नाही. मग उलथनं मागवून त्यांनी स्वतःच्या हातानं पातेलं खरवडलं, कण न कण काढला. पुरचुंडी बांधायला कागद शोधला आणि माझ्याबद्दलचाच अहवाल उचलून त्यात ते मीठ बांधलं.

"हे घेऊन जा. इथे राहिलं तर आपण दोघंही जाऊ."

"एक दिवस द्या, परत समुद्रावर जाऊन गडू भरून आणतो," मी हात जोडले.

"तुम्ही पुन्हा समुद्राकडे वळलात तर मला पुन्हा लिहावं लागेल, मास्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर पडला होता. त्यांनीच मला सायकलीसकट घाट चढणाऱ्या मोटारीत बसवलं आणि मोटार सुटेपर्यंत ते तिथे उभे राहिले.

काशीपर्यंतच्या गाडीत मला झोप लागली नाही. एका म्हातारीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी तिच्यासाठी रिकामा गडू आणि अर्धी मूठ मीठ घेऊन चाललो होतो. तेही वैद्यांनी बंद केलेलं. वाटेत कुठल्या तरी नळावर गडू भरावा, मीठ टाकावं आणि हाच तुझा समुद्र म्हणून द्यावा, असंही मनात येऊन गेलं. हे मी स्वतःला मोठेपणा देण्यासाठी लपवत नाही.

रामघाटावर सायकल खांद्यावरून उतरवली तेव्हा जूनची गरम लू वाहत होती. दारातच वडिलांनी विचारलं, "कुठे खारं ओलांडलं नाहीस ना?"

"नाही, अण्णा."

"बरं." एवढं बोलून ते पूजेला बसले.

आत्या खाटेवर होती. पाय आता पोटऱ्यांपर्यंत सुजले होते आणि आवाज बारीक झाला होता. तिनं गडूचं उघडं तोंड पाहिलं आणि मला जवळ बसायची खूण केली. मी खाली बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. तरीवाल्याचं ऐकून ती हसली, दोन चुलतभावांचं ऐकून तिला ठसका लागला. फौजदारांचं सांगताना मला तिच्याकडे बघवेना. पुरचुंडी तिच्या हातावर ठेवली. "तुझं काम माझ्या हातून झालं नाही, आत्या," मी म्हणालो.

तिनं कागद सोडून मीठ बोटानं चाचपलं. "हे त्याच पाण्याचं ना?"

"त्याच."

"मग पाणी काय, काशीत कमी आहे?"

मी रिकामा गडू तिच्यापुढे उलटा करून दाखवला.

"जा," ती म्हणाली, "गंगेवरून एक घागर आण. आणि लग्नकार्याची मोठी परात काढ. वाळू आहे का कुठे?"

वाळू होती. ती आठवडाभर मला छळत होती. घागर आणून झाल्यावर मी सायकलीची हत्यारांची पिशवी झटकली, मडगार्डच्या आतून खरवडून काढली, आणि शेवटी ती लोकरीची खोळ परातीवर उलटी करून बडवली. तिच्यातून निघाली तेवढी वाळू तर मी किनाऱ्यावरही पाहिली नव्हती. परातीच्या तळावर पातळसा थर झाला. वर गंगा ओतली, मीठ विरघळवलं आणि आत्याला धरून उभी केली. तिनं पाय उचलला, तेवढ्यात दारात वडील आले.

त्यांनी परात पाहिली, खोळ पाहिली, बहिणीचा उचललेला पाय पाहिला. क्षेत्रसंन्यास घेतलेल्या बाईच्या पायाशी समुद्र, तोही पर्वणी नसलेल्या भलत्या दिवशी, तोही पोलिसांनी उकळलेला. आता पुन्हा तीन दुपारी चर्चा होणार, असं मी धरून चाललो. आत्या घाबरून माझ्या खांद्याला घट्ट धरून उभी होती. वडील वाकले. परातीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारं आहे," ते म्हणाले. मग निर्णय देतानाच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे समुद्रच."

आत्यानं पाय पाण्यात ठेवले. मी परात तिच्या बाजूला कलती केली, पाणी तिच्या घोट्यांपर्यंत चढलं. मग सावकाश उलट कलती केली, पाणी मागे सरलं आणि त्याच्याबरोबर थोडी वाळूही सरली. आत्यानं डोळे मिटले.

"हळू," ती म्हणाली. "परत जाताना लाट घाई करत नाही." मग डोळे न उघडताच तिनं दुसरा हात बाजूला लांब केला. "बाळ, धोतर वर घे, भिजेल."

माझे वडील दशग्रंथी. त्यांच्या शब्दावर अर्धी काशी प्रायश्चित्तं घेत असे. त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं, तिचा हात धरला आणि तिच्या शेजारी परातीत उतरले. मी पाणी चढवलं आणि ओढून घेतलं.

"गेली," आत्या म्हणाली.

"माझ्याही पायाखालची गेली," वडील म्हणाले. त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "ताई, हात सोडू नकोस."

मी परात पुन्हा कलती केली.